दहा शब्द

इम्के माझ्या सख्ख्या भावाची मुलगी, तेव्हा तिनं मला आत्या म्हणणं ठीकच होतं. पण तिचं ऐकून अख्खा संघच मला आत्या म्हणायला लागला. चोवीस पोरींची आत्या! हाझेलमूरच्या फुटबॉल क्लबात महिला संघाचे कपडे, बूट, टॉवेल सांभाळायचं काम मी एकोणीस वर्षं केलं. दिवसभर कानाशी तीन मशीन घरघरायची आणि त्याच्या वरताण पोरींचा कलकलाट.

"आत्या, माझा शर्ट आटलाय गं."

"शर्ट होता तेवढाच आहे. नाताळात केक कोणी हाणला ते आठव."

ते काम आता माझ्याकडे नाही. का नाही, तेच सांगायला बसलेय. मला कोणी बिचारी म्हणू नये, आणि शहाणी तर मुळीच म्हणू नये. जे झालं त्यात निम्मा वाटा माझा आहे.

इम्के बचावात मधोमध खेळायची. सहाव्या वर्षी गावातल्या मुलांच्या संघात ही एकटी मुलगी होती. तिच्या पोटऱ्यांवरचे निळे डाग बघून मारिता, म्हणजे तिची आई, रडकुंडीला यायची. पण पोरगी मुलांपेक्षा वीतभर उंच. कॉर्नर आला की मुलं माना आत घ्यायची आणि ही डोकं पुढे करायची. चौदाव्या वर्षी ती खेळाडूंच्या वसतिगृहात गेली, सतराव्या वर्षी आमच्या पहिल्या संघात आली. सकाळी चष्म्याच्या दुकानात अर्धा दिवस काम, दुपारी सराव, रविवारी सामना, असं करत करत चोविसाव्या वर्षी ती देशाच्या संघाच्या दारात उभी राहिली. जूनमध्ये मोठी स्पर्धा होती आणि निवड करणाऱ्यांच्या वहीत तिचं नाव आहे, असं सगळीकडे बोललं जात होतं.

खोटं कशाला बोलू, ते स्वप्न तिच्याइतकंच माझंही होतं. माझ्या वेळी बायकांचा सामना असला की लोक हसायला यायचे. तरी मी खेळले. बाविसाव्या वर्षी गुडघा गेला आणि माझा खेळ संपला. भाच्यांपैकी कोणीतरी देशाच्या संघाचा शर्ट घालावा आणि मी तो धुवावा, एवढीच माझी हाव होती.

आता त्या परीक्षेबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच अडकलंय. दर जुलैत, हंगाम सुरू व्हायच्या आधी, प्रत्येकीच्या डोक्याची परीक्षा होते. डॉक्टर दहा शब्द वाचून दाखवतात, ते परत म्हणायचे. आकडे उलटे म्हणायचे, वर्षाचे महिने डिसेंबरपासून मागे म्हणायचे, एका रेषेत पावलं ठेवून डोळे मिटून उभं राहायचं. ही झाली धडधाकट डोक्याची नोंद. पुढे सामन्यात कोणाच्या डोक्याला मार बसला की हीच परीक्षा पुन्हा घ्यायची आणि जुलैच्या कागदाशी ताडून बघायची. जुळलं तर खेळ, कमी पडलं तर घरी बस.

यातली गोम पोरींच्या लक्षात यायला वर्षही लागत नाही. जुलैत मुद्दाम वाईट करायचं! मग मार बसून डोकं जड झालं तरी कागद जुळतो. सगळ्याच करायच्या. कपडे बदलायच्या खोलीत तिला 'गाढवांची परीक्षा' म्हणायचे आणि जी सगळ्यात मोठं गाढव ठरेल तिला बाकीच्या टाळ्या वाजवून डोक्यावर घ्यायच्या. आमची गोलकीपर रोन्या तर कहरच.

"डॉक्टर म्हणाल्या महिने उलटे म्हण. मी डिसेंबर म्हटलं आणि नाताळच्या बाजारात काय काय खाल्लं ते सांगत बसले!"

हसून हसून पोट दुखायचं. मीही हसायचे.

इम्केला हे कोणी शिकवलं? मी. माझ्या स्वयंपाकघरात, चहाच्या टेबलावर. मी वाचलं: झाड, रुमाल, पूल, मीठ, खिडकी, घोडा, कात्री, ढग, बटण, होडी. तिनं एका दमात दहाही म्हणून दाखवले. वर आगाऊपणानं शेवटून सुरुवातीपर्यंत पण म्हणाली.

"फुशारकी मारू नकोस," मी म्हटलं. "आज दहा म्हणालीस तर जन्मभर दहाच म्हणावे लागतील. पाच म्हण. पण ओळीनं पहिले पाच नकोत, डॉक्टर काही दुधखुळ्या नाहीत. दोन सुरुवातीचे, दोन शेवटचे आणि एक मधला."

"आत्या, तू तर चोरांची मास्तरीण निघालीस!"

"चहा पी आणि परत म्हण."

सात वर्षं दर जुलैत ती पाचच म्हणत आली. एकदा सहा. तीन वेळा तिला डोक्याला मार बसला, तिन्ही वेळा कागद जुळला आणि ती पुढच्या रविवारी मैदानात होती. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे सांगताना आज जीभ जड होते.

मार्चमधल्या एका रविवारी आमच्या मैदानावर सामना होता. शेवटची दहा मिनिटं राहिली होती. कॉर्नर आला, इम्के उडाली, समोरची पण उडाली आणि दोघींची डोकी एकमेकींवर आपटली. तो आवाज मला बाकावर ऐकू आला. समोरची पोर ओरडत पडली. इम्के पडली नाही. ती उभी राहिली, शर्ट नीट केला आणि आपल्या जागेवर चालत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण ती ज्या जागेवर गेली ती तिची जागा नव्हती. रोन्यानं ओरडून तिला मागे बोलावलं.

सामना संपल्यावर ती माझ्या खोलीत आली. हातात गुंडाळलेला टॉवेल.

"आत्या, हा आधी मशीनमध्ये टाक ना."

उघडून बघायची गरजच नव्हती, वासावरूनच कळलं. ती ओकली होती.

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"काय सांगायचं? दुपारचं जेवण बाधलं असेल. टाक ना गं, कोणी यायच्या आत."

आणि मी टाकला. साठ अंशांवर लावलं, वर दुप्पट पावडर घातली. मशीनचं दार बंद करताना मला माहीत होतं की मी काय धुतेय.

मंगळवारी परीक्षा झाली. आमच्या डॉक्टर ओल्थॉफ शांत बाई. कमी बोलायच्या, जास्त लिहायच्या. अर्ध्या तासानं दार उघडलं आणि इम्के अंगठा वर करून बाहेर आली. दहातले पाच. जुलैतही पाच. प्रशिक्षक कार्स्टेननं तिच्या पाठीवर थाप मारली. पोरी ओरडल्या, "गाढवांची राणी!"

त्या पांगल्यावर मी तिला बुटांच्या कपाटामागे ओढलं. "शाब्बास. पण घरी म्हणून बघितलेस ना खरे दहा? मनातल्या मनात तरी?"

तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण डोळे हसत नव्हते.

"आत्या, मी आज मुद्दाम नाही केलं."

"म्हणजे?"

"म्हणजे मी खरंच प्रयत्न केला. सगळा जीव लावून. पाचच आले."

तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"कोणाला बोलू नकोस. रविवारी निवडवाले येणार आहेत. आठवडाभरात होईल नीट. आधी पण झालंय ना? सांग ना, झालंय ना?"

"झालंय," मी म्हटलं. काय म्हणणार होते? तिला ते शिकवलं मीच होतं.

मग मी डोळ्यांत तेल घालून तिच्याकडे बघायला लागले. सरावाला ती गॉगल लावून यायची. आकाश शिशासारखं काळं असायचं आणि हिला उजेड सहन होत नव्हता. मशीन सुरू असताना ती माझ्या खोलीत यायची बंद झाली. बुधवारी भावाकडे चहाला गेले तर तिनं कपात दोनदा खडीसाखर घातली, आणि मग तिसऱ्यांदा डबा उघडायला लागली तेव्हा मारितानं नुसता तो बाजूला सरकवला. "दमलीये पोर," मारिता म्हणाली. आल्विन, माझा भाऊ, जूनच्या स्पर्धेची तिकिटं कधी मिळतात ते सांगत होता.

गुरुवारी दुपारी तिचा फोन आला.

"आत्या, एक विचारू? हसू नकोस."

"विचार."

"मी दुकानाबाहेर गाडीत बसलेय. आपल्या त्या मोठ्या दुकानाबाहेर. घरी जायला डावीकडे की उजवीकडे?"

त्या दुकानात ती गाडीतल्या बाळाच्या खुर्चीत बांधलेली असल्यापासून येत होती.

"तिथेच थांब," मी म्हटलं. "चावी काढ. मी येते."

मी पोहोचले तेव्हा ती मजेत सफरचंद खात होती. "काय गं, धावत आलीस? मला आठवलं होतं, फोन ठेवल्या ठेवल्या!" मग लगेच हात जोडल्यासारखं करून, "रविवारपर्यंत, आत्या. फक्त रविवारपर्यंत."

शुक्रवारी मी डॉक्टर ओल्थॉफांच्या खोलीत गेले. दार लावलं आणि घडघडा सगळं सांगून टाकलं. जुलै, टेबल, पाच शब्द, टॉवेल, दुकान. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अनेग्रेटबाई, तुम्हाला काय वाटतं, मला ठाऊक नाही? संघातल्या चोवीस पोरी, त्यातल्या निम्म्यांना महिने उलटे म्हणता येत नाहीत. चष्म्याच्या दुकानात कोणाला कुठला नंबर ते इम्के तोंडपाठ सांगते, आणि माझ्यासमोर तिला दहातले पाच आठवतात."

"मग थांबवा की तिला!"

"कशावर? कागद जुळतो. जुळणाऱ्या कागदावर मी तिला बसवलं, आणि रविवारी निवडवाले रिकाम्या हातानं परत गेले, तर संध्याकाळी मी इथे नसेन." त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही लिहून द्या. जुलैची नोंद खोटी आहे, मी स्वतः शिकवली. खाली सही. मग मला थांबवावंच लागेल. मग सगळ्याच पोरींच्या नोंदी रद्द होतील, हेही समजून लिहा."

मी लिहिलं. सहीही केली. आणि मग तो कागद त्यांच्या हातात दिला नाही. घडी घालून जॅकेटच्या खिशात टाकला आणि म्हटलं, "सोमवारी देते."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "सोमवारी," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा लिहायला लागल्या.

रविवारी ती खेळली म्हणजे काय खेळली! निवडवाले दोघं वरच्या रांगेत बसले होते. आल्विन त्यांच्या मागे, मान उंचावून त्यांच्या वहीत डोकावत. मी खाली बाकावर, हात खिशात, हाताखाली कागद. प्रत्येक उंच चेंडू वर गेला की माझा जीव टांगणीला लागायचा. इम्के उडायची, ठप्प आवाज व्हायचा, लोक ओरडायचे, आणि मी बघायचे की ती खाली आल्यावर कुठल्या दिशेला वळते. मी मोजले. अकरा वेळा तिनं डोक्यानं चेंडू मारला. पहिल्याच चेंडूला उठून कागद द्यायला मला कोणी अडवलं होतं? कोणीच नाही. माझीच हाव. ते अकरा चेंडू माझ्या नावावर आहेत आणि मी ते कोणाच्या अंगावर ढकलणार नाही.

सामना संपला. निवडवाल्यांपैकी एक जण खाली आला, इम्केशी हात मिळवला, कार्स्टेनच्या कानाशी काही बोलला. कार्स्टेननं दोन्ही हात वर केले. पोरींनी तिला उचलून घेतलं. आल्विन कठड्यावरून उडी मारून आला, त्या वयात, आणि रडायला लागला. इम्के सगळ्यांतून वाट काढत माझ्याकडे धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली.

"झालं, आत्या! झालं!"

मग तिनं मान मागे घेऊन विचारलं, "किती झाले? जिंकलो ना आपण?"

आम्ही एक शून्यानं हरलो होतो.

मी तिचे हात गळ्यातून सोडवले. डॉक्टर ओल्थॉफ मैदानातून आत जाणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. मी सगळ्यांच्या समोर गेले आणि तो कागद त्यांच्या हातात ठेवला.

पुढचं काय सांगू. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. सोमवारी इम्केला मोठ्या इस्पितळात नेलं, डोक्याचे फोटो काढले. फोटोत काही नव्हतं. काही म्हणजे काहीच नाही! अशा हादऱ्यात फोटो स्वच्छच येतो, हे तिथल्या डॉक्टरांनी दोनदा समजावलं. पण घरी ऐकणाऱ्यांनी ऐकलं ते एवढंच, की फोटो स्वच्छ आहे. आठ आठवडे विश्रांती. जूनची स्पर्धा तिच्याविना झाली. सगळ्या पोरींच्या जुलैच्या नोंदी रद्द झाल्या, क्लबाला वरून ताकीद आली, आणि माझ्याकडून कपड्यांच्या खोलीची चावी काढून घेतली. रोन्या मला बेकरीत भेटली तर पाव न घेताच बाहेर पडली.

आल्विन माझ्या दारात आला तो एकदाच.

"तुला मिळालं नाही म्हणून तिलाही मिळू द्यायचं नव्हतं. होय ना?"

"तिला घरचा रस्ता सापडत नव्हता, आल्विन."

"फोटोत काही नाही!" तो एवढ्या जोरात ओरडला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. आणि इम्के? ती गाडीत बसून होती. मी खिडकीतून हात केला. तिनं गॉगल सारखा केला आणि समोर बघत राहिली.

जूनअखेर तिचा करार संपला आणि ती दक्षिणेतल्या एका क्लबात गेली. सहाशे किलोमीटरवर, जिथे मला कोणी ओळखत नाही. माझ्याशी बोलते ती एकटी मारिता, तीही आमच्या दोन घरांमधल्या कुंपणापलीकडून, आल्विन कामावर गेल्यावर. जुलैच्या मध्यावर ती कुंपणाशी आली. हातात बागेतल्या बेरींची टोपली होती, पण द्यायला आली नव्हती.

"इम्केचा निरोप आहे तुला."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आत्याला सांग, या वर्षी मी परीक्षा खरीखुरी दिली. काही लबाडी केली नाही. आता तरी तिचं समाधान होऊ दे."

"किती आले, मारिता?"

"काय किती?"

"शब्द. दहातले किती?"

मारितानं टोपली खाली ठेवली. "सहा. म्हणजे चांगलेच की. पाचाच्या वर."

मी कुंपण धरून उभी राहिले. तिला काही सांगितलं नाही. घरात आले, त्या क्लबाचा नंबर शोधला आणि तिथल्या डॉक्टरांना फोन लावला. तरुण माणूस होता, आवाज गोड. मी कोण, कुठली, सगळं सांगितलं.

"आत्या म्हणजे तुम्हीच का? हो, ऐकलंय तुमच्याबद्दल," तो म्हणाला. "मला खेळाडूंबद्दल बाहेर बोलता येत नाही."

"तुम्ही बोलू नका, मीच बोलते. त्या पोरीला दहाच्या दहा यायचे हो. उलटेसुद्धा यायचे. आता जीव लावून तिला सहा येतात, आणि तुम्ही तेच धडधाकट म्हणून लिहून घेतलंत! उद्या तिला मार बसला आणि पुन्हा सहा आले, तर तुमचा कागद म्हणेल, काही झालं नाही."

"बाई," तो जरा हसलाच, "तसं असतं तर मला इथे वेगळं दिसलं असतं ना? सहा म्हणजे काही कमी नाहीत. आमच्या संघात बहुतेकींना पाचच येतात. ती तर वरच्या पोरींत आहे."

त्यानं शुभ दिवस म्हटलं आणि फोन ठेवला.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी त्यांचा पहिला सामना होता. आल्विन तिकडे गेला होता. मारितानं मला घरात बोलावलं, मार्चनंतर पहिल्यांदा. तिनं चहा केला, टीव्ही लावला. इम्के मधोमध उभी होती, केस घट्ट बांधलेले, नवा पिवळा शर्ट. चांगली दिसत होती. सामन्याचं वर्णन करणारा माणूस तिचं कौतुक करत होता, की डोक्यानं चेंडू अडवण्यात या मुलीचा हात धरणारी लीगमध्ये कोणी नाही.

विसाव्या मिनिटाला कॉर्नर आला. चेंडू उंच गेला आणि तीन पोरी एकदम उडाल्या.

"बघ, बघ, कशी वर गेली!" मारिता टाळ्या वाजवत म्हणाली.

इम्के खाली आली, शर्ट नीट केला आणि आपल्या जागेकडे चालायला लागली. मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले आणि ती कुठे जातेय ते बघायला लागले.

"बाजूला हो ना," मारिता म्हणाली. "मला काही दिसत नाहीये."